मोटारीचे सेन्सर : बदलण्याआधी आणि बदलताना

आज मी तुमच्याशी एका दिव्याविषयी बोलणार आहे. हा दिवा देवघरातला नव्हे. मोटारीत चालकासमोर जी काचेची पाटी असते, तिच्यावर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो, तो. एरवी तो विझलेला असतो. मग एखाद्या पहाटे आगाशीहून किंवा निर्मळहून भाजी भरून निघावे, वरसावे पुलाच्या अलीकडे गाडीने दोनचार आचके द्यावेत, आणि हा दिवा लागून बसावा. अशा वेळी आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. काही मंडळी दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात आणि म्हणतात, "चालतेय ना गाडी? मग चालू दे." दुसरी मंडळी गॅरेजात जातात, तेथे "सेन्सर गेलाय" एवढे ऐकतात, आणि काही हजार रुपये मोजून घरी येतात. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो.

सेन्सर बदलणे हे काम पुष्कळदा घरच्या अंगणात होण्याजोगे आहे. पण तो बदलायला हवा की नाही, हे ठरवणे हे खरे काम. आज मी बदलण्यापेक्षा ठरवण्याविषयीच जास्त बोलणार आहे.

सेन्सर म्हणजे काय, ते आधी पाहू. जुन्या मोटारीत कार्ब्युरेटर होता, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट होते. पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे स्क्रू, स्प्रिंग आणि वजने मिळून ठरवीत. आता ते एक लहानशी पेटी ठरवते. गॅरेजवाले तिला ईसीएम म्हणतात. पेटी हुशार आहे, पण तिला डोळे नाहीत, कान नाहीत. जुन्या काळी गावचा पाटील ओसरीवर बसून कारभार करी आणि कोतवाल त्याला गावाची खबर आणून देई, तसा हा प्रकार आहे. पेटी हा पाटील आणि सेन्सर हे कोतवाल. एक कोतवाल इंजिनातल्या पाण्याची उष्णता सांगतो, दुसरा क्रँक कुठवर फिरला ते सांगतो, तिसरा सायलेन्सरच्या नळीत बसून प्राणवायू किती उरला ते सांगतो.

आता पाटलाकडे खबर आलीच नाही, किंवा विपरीत आली, तर दोष कोणाचा? कोतवाल आजारी असेल. तो खरेच सांगत असेल आणि गावातच काही बिघडले असेल. किंवा कोतवाल धडधाकट असेल आणि वाटेवरचा साकव वाहून गेला असेल. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. सेन्सर बदलल्याने यांतली पहिलीच दुरुस्त होते.

हा विषय केवळ श्रीमंतांच्या गाड्यांचा आहे, असे समजू नका. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, आणि तेव्हापासून साध्या मोटारसायकलीतही कार्ब्युरेटर जाऊन सेन्सर आले. फुलांच्या टोपल्या घेऊन स्टेशन गाठणाऱ्या पोराच्या गाडीतही आता हे कोतवाल बसलेले आहेत.

तरीही मी उदाहरण एका स्पोर्ट्‌स कारचे घेतो, कारण त्यात गंमत आहे आणि शिकण्यासारखेही आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने गोव्याच्या कारखान्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची गाडी बांधली. दोनच आसने, उघडणारे छप्पर, फायबरचे अंग. फारशा गाड्या खपल्या नाहीत आणि पुढे ती बंद पडली. आता अशी गाडी हौसेने सांभाळणाऱ्याने सेन्सर आणावा कुठून? दुकानात गाडीचे नाव सांगितले तर समोरचा माणूस तोंडाकडे पाहत राहील. पण तिचे बोनेट उघडले की कोडे सुटते. आत आहे फ्रान्सच्या रेनो कंपनीचे डी७एफ नावाचे ११४९ सीसीचे इंजिन. हेच इंजिन रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ या साध्या घरगुती मोटारींत बसत असे. म्हणजे ऐट स्पोर्ट्‌स कारची आणि कोतवाल शेजारच्या घरचे! सुटा भाग शोधताना गाडीच्या नावाने शोधू नये. इंजिनाच्या नावाने आणि सेन्सरच्या अंगावर छापलेल्या क्रमांकाने शोधावा. तुमच्या पिकअप टेम्पोलाही हे लागू आहे. एकाच कारखान्याचा सेन्सर चार कंपन्यांच्या गाड्यांत बसलेला असतो, आणि डबी बदलली की किंमत बदलते.

फायबरच्या अंगाची आणखी एक गोष्ट आहे. पत्र्याच्या गाडीत बॅटरीकडे परतणारी वीज पत्र्यातूनच वाहते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून तेथे परतीची प्रत्येक वायर नीट बोल्टखाली आवळलेली असावी लागते. अर्थिंगचा एक बोल्ट गंजला तर एकाच वेळी तीनतीन सेन्सर वेडेवाकडे बोलू लागतात. पत्र्याच्या गाडीतही हे होते, फक्त जरा उशिरा. म्हणून एकदम दोनतीन सेन्सर 'गेले' असे कोणी सांगितले तर आधी अर्थिंग पाहावे. तीन कोतवाल एकाच रात्री आजारी पडत नाहीत.

आता दिवा लागला की काय करावे? अलीकडच्या मोटारींत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक तोंड असते. त्यात लहानसे यंत्र खोचले की मोबाइलवर बिघाडाचा क्रमांक दिसतो. हे यंत्र आता स्वस्त झाले आहे. चार घरांत मिळून एक घेतले तरी पुरते. मोटारसायकलींत तोंड निराळ्या आकाराचे असते, पण पुष्कळ गाड्यांत दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून क्रमांक सांगतो. गाडीच्या पुस्तकात तो पाहावा.

क्रमांक वाचताना मात्र एक शब्द नीट वाचा. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या 'मंडळात' बिघाड. पी ०११८ म्हणजे पाण्याच्या उष्णतेच्या 'मंडळाकडून' आलेला दाब प्रमाणाबाहेर जास्त. मंडळ म्हणजे विजेची सगळी वाट : सेन्सर, त्याचा कपलर, वायर, आणि पेटीकडचा दुसरा कपलर. यंत्र 'सेन्सर बदला' असे कोठेही म्हणत नाही. ते आपण म्हणतो, किंवा सेन्सर विकणारा म्हणतो.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो, म्हणून सांगायला संकोच वाटत नाही. माझ्या गाडीत पी ०१७१ हा क्रमांक आला. अर्थ असा, की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे. ही खबर ऑक्सिजन सेन्सर देतो, एवढे मला ठाऊक होते. तेवढ्या अर्धवट ज्ञानावर मी सेन्सर मागवला, घाम गाळून बसवला, चहा घेतला. चौथ्या दिवशी दिवा हजर! पुढे सावकाश शोधले तेव्हा हवेच्या फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी खालच्या अंगाने चिरलेली सापडली. वाकवून पाहिल्याशिवाय ती चीर दिसत नव्हती. तेथून जादा हवा आत शिरत होती, आणि बिचारा सेन्सर तेच तर ओरडून सांगत होता. खरे बोलणाऱ्या कोतवालाला मी नोकरीवरून काढले होते.

आता आपल्या वसईपट्ट्याविषयी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये मिठागरे, आणि चार महिने धो धो पाऊस. घरातल्या तांब्याच्या हंड्याला हिरवा कळंक कसा चढतो, ते आपण सगळे जाणतो. वायर तांब्याची असते, कपलरमधल्या पिनाही तांब्याच्या किंवा पितळेच्या असतात, आणि त्यांच्यावर बहुधा कथलाचा पातळ मुलामा असतो. म्हणजे आपल्या घरातली कल्हईच ती. रबराची सील सैल झाली की खारट दमट हवा आत जाते, कल्हई झिजते, कळंक धरतो. घरातला दिवा २३० व्होल्टवर चालतो. त्याला थोडासा कळंक जाणवत नाही. ऑक्सिजन सेन्सरची सगळी बोली एका व्होल्टच्या आत चालते. तेथे कळंकाचा ठिपकाही भिंतीसारखा आड येतो. म्हणून माझे मत असे आहे, की आपल्या भागात सेन्सरआधी कपलरवर संशय घ्यावा.

कपलर असा तपासावा. गाडी गार असू द्या. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवा. कपलरची कडी दाबून तो सरळ ओढा. वायर धरून ओढू नका. जुने प्लास्टिक कडकडीत झालेले असते, कडी तुटली तर कपलर पुढे हादऱ्याने सुटत राहतो. आत हिरवे-पांढरे काही दिसते का, एखादी पिन मागे सरकली आहे का, ओल आहे का, ते उजेडात पाहा. विजेच्या जोडांसाठी मिळणारा स्वच्छतेचा फवारा मारा आणि पूर्ण सुकू द्या. रॉकेल नको. काचकागदाने घासणे तर नकोच. कळंकाबरोबर कल्हईही निघते आणि पुढच्या पावसात दुप्पट वेगाने कळंक चढतो. शेवटी सीलच्या रबराला विजेच्या जोडांसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस बोटभर लावा.

मग वायरीवरून हात फिरवा. भातशेतीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात. असा एक दात दहा सेन्सरांना भारी असतो. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचून रेल्वे थांबली होती, तशा पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर ती आधी चालू करू नये. तेल आणि हवेचा फिल्टर तपासून, खालचे सगळे कपलर उघडून सुकवावेत. आणि हो, इंजिन जोराच्या पाण्याने धुण्याची हौस आवरा. सर्व्हिस सेंटरच्या चकचकीत बोनेटपेक्षा थोडे धुळकट, पण कोरडे इंजिन बरे.

आता शिक्षक मंडळींना एक प्रयोग सांगतो. पाण्याची उष्णता सांगणारा सेन्सर हा एक साधा रोधक असतो, पण उलट्या स्वभावाचा. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. याचा तापला की घटतो. अर्धवाहकाचा हा गुण मुलांना फळ्यावर सांगून पटत नाही, पण पातेल्यात पटतो. गॅरेजातून एखादा काढून टाकलेला सेन्सर मागून आणा. पातेल्यात पाणी घ्या, तापमापी धरा, सेन्सरचे पितळी टोक पाण्यात सोडा. पिना मात्र पाण्याबाहेर हव्यात. पिनांना मल्टिमीटर जोडा. पुष्कळ गाड्यांच्या सेन्सरचा रोध २५ अंशांवर दोन ते तीन हजार ओहम असतो आणि ८० अंशांवर तीनशेच्या आसपास उतरतो. दर दहा अंशांना आकडा लिहून घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा येत नाही, घसरगुंडीसारखा बाक येतो. घसरगुंडी सलग आली तर सेन्सर बरा. मध्येच आकडा उडाला किंवा गोठला तर तो गेला. पाणी उकळताना मुलांना जरा मागे ठेवा, एवढेच.

हीच परीक्षा काहीही न उघडता सुद्धा होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी फक्त चावी फिरवा आणि यंत्रावर पाण्याची उष्णता व आत येणाऱ्या हवेची उष्णता पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. पुष्कळ गाड्यांत वायर तुटली की यंत्र उणे ४० अंश दाखवते. आता विरारमध्ये उणे ४० अंश थंडी पडली असती तर रेडिओवर तुम्हाला आधी कळले असते! असा आकडा दिसला की समजावे, कोतवाल बसला नाही, साकव तुटला आहे. या सेन्सरने खोटी थंडी कळवली तर पेटी पेट्रोल जास्त सोडते; काळा धूर येतो आणि गाडी पिते. कधी पंखा वेळेवर लागत नाही आणि इंजिन तापते. बदलताना इंजिन पूर्ण गार हवे. गरम रेडिएटरचे झाकण कोणी उघडू नये. आतले पाणी तोंडावर उसळते. जुना सेन्सर काढताच थोडे पाणी सांडते, म्हणून नवा हाताशी ठेवावा, नवी ओरिंग घालावी, आणि शेवटी पाण्याची पातळी भरून हवा काढावी.

क्रँक सेन्सर हा सगळ्यांत महत्त्वाचा. तो मुका झाला तर बहुतेक इंजिने सुरूच होत नाहीत. पुष्कळ गाड्यांत क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. दात समोरून गेला की सेन्सरमध्ये विजेचा स्पंद उमटतो. गाळलेल्या जागेपाशी खंड पडतो, आणि त्या खंडावरून पेटी ओळखते की क्रँक आता कुठे आहे. डी७एफ इंजिनात हा सेन्सर गिअरबॉक्सच्या डोक्यावर, फ्लायव्हीलवर नजर ठेवून बसलेला असतो. म्हाताऱ्या क्रँक सेन्सरची खूण अशी : गाडी सकाळी झटकन सुरू होते, तापल्यावर अचानक बंद पडते, आणि अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशी पुन्हा चालते. आतली बारीक तार तापून कोठेतरी सुटते आणि गार झाली की पुन्हा भिडते. हमरस्त्यावर ट्रकच्या पुढे असे होणे म्हणजे जिवाशी गाठ. येथे "चालतेय ना?" म्हणून भागत नाही.

कपलर आणि वायर ठीक असतील तर तो बदलावा. दोन तारांचा साधा चुंबकी सेन्सर असेल तर त्याचा रोध गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो. तपासायचा तर गरम असतानाच, नाहीतर तो शहाण्यासारखा वागतो. तीन तारांचा असेल तर ही परीक्षा करू नये, तो निराळ्या जातीचा असतो. बोल्ट बहुधा १० नंबरच्या पान्याचे असतात. काढलेल्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो. कधी तेवढा पुसला तरी गाडी सुधारते. नवा बसवताना बैठक साफ करावी, कारण टोक आणि दात यांच्यातले अंतर मिलिमीटरभराचे असते. हातोडीने ठोकू नये. काही गाड्यांत पेटीला नव्या सेन्सरची ओळख यंत्राने करून द्यावी लागते. तेथे सर्व्हिस सेंटरला पर्याय नाही.

ऑक्सिजन सेन्सर काढताना शत्रू एकच : गंजलेले आटे. हा सेन्सर मोटारींत १९७६ पासून आला, आणि तो शेकडो अंश तापल्याखेरीज कामच करीत नाही. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने, हे प्रमाण साधले आहे की नाही, एवढेच तो सांगतो. सायलेन्सर नुकता कोमट असताना गंज सोडवणारे तेल टाकावे, थांबावे, मग बाजूला खाच असलेल्या २२ नंबरच्या गोटीने सोडवावा. जोर केला तर आटेच निघून येतात आणि सेन्सरच्या कामात सायलेन्सरचे काम वाढते. नव्याच्या आट्यांना लावायचे मलम टोकाला लागू देऊ नये. जवळपास कोठे सिलिकॉनचा लगदा वापरू नये. त्याची वाफ या सेन्सरला विष आहे.

हवा मोजणाऱ्या सेन्सरविषयी इतकेच, की त्याच्या तारेला बोट लावू नका; त्याच्यासाठीच्या फवाऱ्याने धुवा. ठोक्याचा सेन्सर नेमून दिलेल्या जोरानेच आवळावा लागतो. तसा पाना नसेल तर तो सोडून द्या.

आणखी काही कामे घरी करूच नयेत. एअरबॅगचे सेन्सर, ब्रेकचे सेन्सर, आणि नव्या डिझेल टेम्पोच्या इंधन नळीवरचा दाबाचा सेन्सर. त्या नळीत हजार बारच्याही वर दाब असतो. डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. गाडी वॉरंटीत असेल तर पान्याला हात लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, दोनच मिनिटांसाठी सुद्धा, शिरू नये. खाली घोडे लावावेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. पंख्याजवळ ओढणी, पदर, उपरण्याचे टोक जाऊ देऊ नये. हल्लीचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो.

काम झाले की बॅटरी जोडा, यंत्राने क्रमांक पुसा, आणि दोनतीन दिवस नेहमीच्या वाटेने गाडी चालवा. जुना सेन्सर लगेच भंगारात टाकू नका. कागदात गुंडाळून, तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहून ठेवा. दिवा परत आला तर तोच पुन्हा लावून पाहता येतो. आणि जुनी गाडी विकत घेताना एक पाहा : चावी फिरवली की हा पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर कोणीतरी तो काढून ठेवला आहे.